तीन हजार किलोंची आयुधपूजा

बंद पडलेला ट्रॅक्टर एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा असेल तर काय करावं, या प्रश्नाला मल्लेश्वरममधल्या एका गल्लीत आठवडाभरात अकरा उत्तरं मिळाली. मल्हारने ती सगळी वहीत लिहून ठेवली. त्याला तशी सवयच होती. पुण्याला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून तो बंगलोरला एका तापमापक बनवणाऱ्या कंपनीत लागला होता आणि मामांकडे राहत होता. चहावर साय धरायला किती वेळ लागतो हे त्याने मामींच्या स्वयंपाकघरात घड्याळ लावून पाहिलं होतं. साय धरायला चार मिनिटं लागली, आणि गार झालेल्या चहावरून मामींनी जे सुनावलं त्याला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

ट्रॅक्टर मामांचा. मामा म्हणजे श्रीधरराव. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढून ते त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये, निवृत्त झाले. ऑगस्टमध्ये हेब्बाळच्या बाजूला एका बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या सामानाचा लिलाव झाला. मामा तिथे दोन गुलाबाच्या कुंड्या आणायला गेले आणि ट्रॅक्टर घेऊन आले. म्हणजे आणला नाहीच, नुसता घेतला. ट्रॅक्टर हेब्बाळलाच राहिला, कारण तो सुरू होत नव्हता. शिवाय त्याची नोंदणी तीन वर्षांपूर्वीच संपली होती, त्यामुळे सुरू झाला असता तरी रस्त्यावर आणणं बेकायदेशीर ठरलं असतं.

"अहो, पण ट्रॅक्टर कशाला?" असं मल्हारने मामींना एकदा हळूच विचारलं होतं. नेलमंगलच्या पुढे मामांची दोन एकर जमीन होती हे खरं, पण तिथे आजवर नाचणीखेरीज काही पिकलं नव्हतं, आणि तीही दुसराच माणूस करायचा.

शारदामामींनी विळीवरून नजर न उचलता सांगितलं, "एकतीस वर्षं आयुधपूजेला कचेरीतल्या वजनांना गंध लावलं त्यांनी. पितळी किलोला, अर्ध्या किलोला, सगळ्यांना. यंदा कचेरी नाही. घरात पूजायला आयुध म्हणजे माझी ही विळी. तिला गंध लावायचं तर ते माझं आयुध झालं, त्यांचं नव्हे."

आयुधपूजा म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाची नवमी. त्या दिवशी अख्खं बंगलोर आपापल्या हत्यारांना, यंत्रांना, गाड्यांना हळदकुंकू लावतं आणि गाडीपुढे कोहळा फोडून दृष्ट काढतं. तेव्हा ठरलं ते असं: नवमीला ट्रॅक्टर शेतावर उभा पाहिजे आणि मामांच्या हातून त्याची पूजा झाली पाहिजे. दुसरी अट मामांनी स्वतः घातली. वाटेत कायद्याने ठरवलेल्या वजनापेक्षा एक किलोही जास्त भरता कामा नये.

"एकतीस वर्षं मी लोकांना ग्रॅमवरून पकडलंय," ते म्हणाले. "आता माझी गाडी जादा वजनात सापडली, तर चिकपेटात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

चिकपेट म्हटल्यावर शेजारचे विठोजी आलेच. विठोजींचं तिथे कापडाचं दुकान होतं, तीन पिढ्यांचं. चौऱ्याहत्तर साली श्रीधररावांनी याच दुकानातला लोखंडी मीटर तपासला होता आणि तो वापराने घासून तीन मिलिमीटर कमी भरला होता. मीटर जप्त झाला. त्याची पावती मिळाली: 'लोखंडी मीटर, नग एक.' त्याच वर्षी योगायोगाने दोघं शेजारी झाले. वीस वर्षं दोघं एकमेकांकडे दिवाळीचा फराळ पाठवत आले होते आणि वीस वर्षांत एकदाही तो विषय निघाला नव्हता. म्हणजे मामांनी काढला नव्हता. विठोजी महिन्यातून दोनदा काढत.

"तीन मिलिमीटर!" विठोजी मल्हारला म्हणाले. "अरे, उन्हाळ्यात लोखंड तेवढं वाढतं."

"नाही वाढत," मल्हार म्हणाला. "मीटरभर लोखंड तीन मिलिमीटर वाढायला अडीचशे अंशांनी तापवावं लागेल."

विठोजींनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "मामाचाच भाचा तू," ते म्हणाले. मग त्यांनी ट्रॅक्टरबद्दल आपला सल्ला दिला: साखळी बांधावी आणि रात्री ओढत न्यावा. वहीत हे उत्तर सातव्या क्रमांकावर गेलं. मामांनी ते 'बेकायदेशीर' म्हणून खोडलं आणि 'रात्री' या शब्दाखाली वेगळी रेघ मारली.

शेवटी ट्रेलरच न्यायचा असं ठरलं. दुसऱ्या, चालू ट्रॅक्टरला ट्रेलर जोडायचा आणि त्यावर हा चढवायचा. ट्रेलर निवडण्याचं काम मामांनी मल्हारवर सोपवलं. "तू सायन्सचा आहेस," ते म्हणाले. या वाक्याने आजवर किती तरुणांचं नुकसान केलं असेल, याची कुठे नोंद नाही.

मल्हारने काम हातात घेतलं ते सगळ्या इमानाने. ट्रेलरच्या नोंदणीपुस्तकात दोन आकडे असतात हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. एक ट्रेलरचं रिकामं वजन आणि दुसरा भरल्यावरचं जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरतं तेवढाच माल कायद्याने घालता येतो. गणित दुसरीच्या मुलाचं होतं. पण तीन ट्रेलर पाहून झाल्यावर मल्हारच्या लक्षात आलं की ते गणित त्या तिघांच्या मालकांपैकी कोणीच कधी केलेलं नव्हतं.

पहिला ट्रेलर यशवंतपूरला होता. त्याच्या मागच्या फळीवर दोन मोठे डोळे रंगवलेले होते, पापण्यांसकट. मल्हारने कागद मागितले.

"किती टन घालायचंय?" मालकाने विचारलं.

"तो किती टन घेतो?"

"तुम्ही किती घालाल तेवढं घेतो, सार."

कागद गावी होते. गाव कुठलं ते नक्की नव्हतं.

दुसरा ट्रेलर भक्कम होता. सहा टनांचा, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्री केल्यासारखे. मल्हार खूश झाला. पण त्या कागदांवर लिहिलं होतं की हा ट्रेलर केवळ शेतमालाच्या वाहतुकीसाठी आहे. आता ट्रॅक्टर हा शेतमाल आहे का? मल्हारने एक दिवस रजा टाकली आणि परिवहन कचेरीत जाऊन हा प्रश्न खिडकीत ठेवला. खिडकीमागे रूपश्री नावाच्या बाई होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ट्रॅक्टर चालू आहे?"

"नाही."

"मग ते वाहन नाही. वस्तू आहे."

"शेतीची वस्तू?"

"शेतमाल म्हणजे शेतात उगवलेला माल," रूपश्री म्हणाल्या. "ट्रॅक्टर उगवला का?"

नाही, उगवला नाही, असं मल्हारने कबूल केलं. "पण मॅडम, तो शेतातच वापरतात."

"बैलही शेतातच वापरतात. बैलांचा फॉर्म वेगळा आहे." थोडा विचार करून त्यांनी मार्ग सुचवला: ज्या ट्रेलरच्या कागदावर 'शेतमाल व शेतीची अवजारे' असं असेल तो घ्यावा. बंद ट्रॅक्टर अवजारात बसेल. मल्हारला हे उत्तर फार आवडलं. आठवडाभरात त्याला भेटलेलं पहिलं तर्कशुद्ध माणूस खिडकीच्या आत बसलं होतं.

तिसरा ट्रेलर त्याला कागदावरच्या 'अवजारां'सकट सापडला. पीण्या भागात राहणाऱ्या रविकुमारचा. रविकुमार कमी बोलायचा. त्याचा स्वतःचा चालू ट्रॅक्टरही होता, म्हणजे ओढण्याचीही सोय झाली. ट्रेलर चारचाकी, रिकामं वजन एक हजार पन्नास किलो, भरल्यावरची मर्यादा तीन हजार. म्हणजे माल चालेल एकोणीसशे पन्नास किलोंपर्यंत. मामांच्या ट्रॅक्टरच्या कागदावर वजन होतं सतराशे नव्वद. साखळ्या, लाकडी ओंडके आणि चढवायच्या फळ्या मल्हारने परसातल्या तराजूवर तुकड्यातुकड्याने मोजल्या. साठ किलो भरल्या. एकूण दोन हजार नऊशे. शंभर किलो शिल्लक.

त्याने हे सगळं एका कागदावर नीट मांडून मामांपुढे ठेवलं. मामांनी बेरीज तीनदा केली. मग चष्मा काढून म्हणाले, "शाब्बास. खात्यात असतास तर पाच वर्षांत असिस्टंट कंट्रोलर झाला असतास." मल्हारने तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या चोवीस तासांत त्याने तो निदान सहा वेळा बाहेर काढून पाहिला असावा.

नवमीच्या दिवशी सकाळी सात वाजता सगळे हेब्बाळला हजर झाले. दुपारी दीड वाजता राहुकाळ लागत होता. त्याआधी पूजा व्हायला हवी, असं मामींनी दोनदा बजावलं. मामी रविकुमारच्या शेजारी चाकाच्या पत्र्यावर बसणार होत्या, मामा आणि मल्हार मागून रिक्षाने येणार होते आणि विठोजींना कोणी बोलावलं नसताना ते स्कूटर घेऊन आले होते.

"मी नुसता बघायला," ते म्हणाले.

ट्रॅक्टर चढवायला दोन तास लागले. त्याने मागे सरकून एकदा मल्हारच्या चपलेवर चाक ठेवलं, पण पाय त्या वेळी चपलेत नव्हता. चाकांच्या हवेचा दाब मल्हारने आदल्याच दिवशी मोजून ठेवला होता. टायरच्या हवा भरायच्या तोंडाला थोडा ओलावा दिसला होता, तोही त्याने रुमालाने पुसून घेतला होता. चाकात हवेशिवाय आणखी काही असू शकतं, हे त्याने वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. रविकुमारने मागच्या चाकावर एकदा थाप मारली, कान देऊन ऐकलं, आणि काही बोलला नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

तुमकूर रस्त्यावर लॉऱ्यांच्या तळाशेजारी एक मोठा वजनकाटा होता. तिथे वजन करून त्याची चिठ्ठी जवळ ठेवायची, म्हणजे पुढे कोणी अडवलं तर दाखवता येईल, ही मामांची कल्पना. काट्याच्या खोलीच्या दाराला आंब्याचे टहाळे बांधलेले होते. काटेवाल्याची पूजा अजून व्हायची होती. रविकुमारने ट्रेलर काट्यावर उभा केला, आपला ट्रॅक्टर सोडवून बाजूला घेतला, आणि मल्हारने सगळ्यांना काट्यावरून खाली उतरवलं. विठोजींना दोनदा.

आत आकडा स्थिरावला. काटेवाल्याने चिठ्ठी फाडून दिली.

तीन हजार दोनशे साठ.

मल्हारने खिशातला कागद काढला. दोन हजार नऊशे. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, मग परत कागदाकडे. कागदात काही बदल झाला नव्हता.

"काटा चुकतोय," मामा म्हणाले. आवाज शांत होता, निरीक्षकाचा. "तीनशे साठ किलोंची चूक. यावर शिक्का कोणी मारला? बघू."

ते ताडताड आत गेले. काट्याच्या यंत्राला शिशाचा गोल शिक्का असतो, तपासणी करणाऱ्या निरीक्षकाचा क्रमांक कोरलेला. मामांनी वाकून तो पाहिला. मग चष्मा लावून पाहिला. आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"कोणाचा आहे हो?" विठोजींनी दारातून विचारलं.

मामा सरळ झाले. काटेवाला अदबीने म्हणाला, "सारांचाच. जानेवारीत सार स्वतः आले होते. वर्षभर चालतो तो. सारांनी काय बारकाईनं तपासलं होतं! दुपारचं जेवणही घेतलं नाही."

काटा चुकीचा म्हणावा तर शिक्का खोटा, आणि काटा बरोबर म्हणावा तर गाडी दोनशे साठ किलोंनी बेकायदेशीर.

विठोजींना वीस वर्षं जी संधी हवी होती ती समोर उभी होती. त्यांनी तिचा उपयोग फार हळुवारपणे केला. "श्रीधरराव," ते म्हणाले, "चौऱ्याहत्तर साली तुम्ही मला एक वाक्य म्हणाला होतात."

"आठवतंय," मामा म्हणाले. "माप बोललं की माणसानं गप्प बसावं." मग त्यांनी चष्मा उतरवला. "काटा बरोबर आहे."

"सार, ट्रॅक्टरचं आधी वजन केलं नव्हतं?" काटेवाल्याने विचारलं.

मामांनी मल्हारकडे पाहिलं. मल्हारने मामांकडे पाहिलं. एकाने जन्मभर लोकांना सांगितलं होतं की डब्यावर लिहिलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका, आणि दुसऱ्याने परीक्षेत लिहिलं होतं की मोजल्याशिवाय मानू नये. ट्रॅक्टरचं वजन दोघांनी कागदावरून घेतलं होतं.

तेव्हा रविकुमार कानडीत म्हणाला, "अण्णा, मागच्या चाकांत पाणी आहे."

"पाणी?"

"चिखलात चाक फिरत राहू नये म्हणून भरतात. वजन येतं. सगळेच भरतात." मग त्याने सांगितलं, "दोन्ही चाकांत मिळून तीनशे लिटर तरी."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?" मल्हारने विचारलं.

"तुमच्याकडे कागद होता ना, सार. मला वाटलं, कागदात धरलं असेल."

ट्रेलर काट्यावरून बाजूला घेतला. पाणी काढायचं तर टायरचं तोंड खालच्या बाजूला हवं. उजव्या चाकाचं नेमकं खाली होतं. मल्हारने स्वतःच्या हाताने ते उघडलं, कारण चूक त्याची होती असं त्याला वाटत होतं. तीन वर्षं टायरमध्ये मुरलेलं पाणी काळं असतं आणि ते सरळ रेषेत येतं. मल्हारचा सणाचा पांढरा शर्ट त्या रेषेत होता. डाव्या चाकाचं तोंड वरच्या बाजूला अडकलं होतं. जॅक लावून, चाक उचलून, चार लॉरीवाल्यांच्या मदतीने आणि नऊ लॉरीवाल्यांच्या सल्ल्याने ते अर्धंच खाली आलं आणि तेवढंच पाणी गेलं. पंक्चरवाल्याकडून परत हवा भरून घेतली. हवेचं वजन मल्हारने मनातल्या मनात काढलं आणि सोडून दिलं.

परत काट्यावर. तीन हजार चाळीस.

"अजून चाळीस," मामा म्हणाले. घड्याळात पाऊण वाजला होता. शेत अजून पंचवीस किलोमीटर.

मल्हार ट्रेलरवर चढला. जे आहे ते कुठेतरी असलंच पाहिजे, या एका श्रद्धेवर त्याने पाच वर्षं शिक्षण घेतलं होतं. ट्रॅक्टरच्या सीटमागे पोतं होतं. पोत्यात कोहळे होते. पाच.

"मामी!"

"ते पूजेचे आहेत," मामी म्हणाल्या. "चार चाकांचे चार आणि इंजिनाचा एक. त्यांना काय वजन?"

"एकेक आठ किलो तरी आहे. विठोजीकाकांच्या स्कूटरवरून नेऊ."

"वा रे वा! या गाडीचे कोहळे त्या गाडीवरून? मग दृष्ट स्कूटरची निघेल आणि ट्रॅक्टर तसाच राहील!"

या युक्तिवादात चूक काय आहे ते मल्हारला सापडेना. दीड वाजत आला होता. मामा काट्याच्या फळीकडे बघत उभे होते, हात मागे बांधून, जानेवारीत उभे राहिले असतील तसेच. शेतावर पोचेपर्यंत राहुकाळ लागणार हे आता सगळ्यांनाच कळलं होतं, पण ते बोलायचं कोणी.

बोलला काटेवाला. "सार, माझीही पूजा राहिलीय. तुमचा हात लागला तर बरं."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढून त्यांच्या हातात दिली.

मामांनी आधी काट्याला गंध लावलं. मग शिशाच्या शिक्क्याला, अंगठ्याने, अगदी जपून. मग बाहेर येऊन रविकुमारच्या ट्रॅक्टरला, ट्रेलरला, आणि शेवटी आपल्या ट्रॅक्टरच्या नाकाला. नाकावरची धूळ त्यांनी आधी आपल्या रुमालाने पुसली. मल्हारने ते पाहिलं आणि वहीत लिहिलं नाही. मग रविकुमारने पाचही कोहळे काट्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, कुंकू भरून एकामागून एक फोडले. एक तीस व्हायला चार मिनिटं होती.

पुन्हा आकडा. तीन हजार. बरोबर तीन हजार.

"चालेल?" काटेवाल्याने विचारलं.

"कायद्यात 'पेक्षा जास्त' असा शब्द आहे," मामा म्हणाले, आणि दिवसात पहिल्यांदा हसले. "चालेल."

तेवढ्यात मामी झेंडूचा भलामोठा हार घेऊन पुढे आल्या.

"थांब!" मामा ओरडले. "हार नको!"

"मामा, काट्याचं लघुतम माप दहा किलो आहे," मल्हार म्हणाला. "दोन किलोंचा हार त्याला दिसणारही नाही."

"काट्याला नाही दिसणार. मला माहीत आहे ना."

शेवटी हार विठोजींच्या स्कूटरवरून गेला. हाराला दृष्टीचा नियम लागू नसल्याचं मामींनी मान्य केलं. हार हातात धरून स्कूटर चालवता येईना, म्हणून विठोजींनी तो गळ्यात घातला. निवडणुकीचे दिवस जवळ आले होते. नेलमंगलच्या पुढे दोन गावांत लोकांनी स्कूटर थांबवून विठोजींकडे कूपनलिका मागितली. दुसऱ्या गावात ते हो म्हणाले.

शेतावर पोचल्यावर मामा सरळ विठोजींपाशी आले, त्यांच्या गळ्यातला हार काढला आणि ट्रॅक्टरला घातला.

"श्रीधरराव," विठोजी म्हणाले, "वीस वर्षांत दुसऱ्यांदा माझ्याकडचा माल जप्त करताय. पावती द्या."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिशातून पहिली चिठ्ठी काढली, तीन हजार दोनशे साठवाली, ती उलटी केली, मल्हारच्या पाठीवर ठेवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'झेंडूचा हार, नग एक.' खाली सही केली, तारीख घातली.

ती पावती चिकपेटातल्या दुकानात चौकटीत लावलेली आहे, नव्या मीटरच्या शेजारी. कुठली बाजू पुढे लावायची, यावर विठोजींनी बरेच दिवस विचार केला असं म्हणतात. हाराची बाजू पुढे आहे. वजनाची भिंतीकडे.